‘ने’ म्हणजे हो

सेंगकांगच्या फ्लॅटमधलं लहान खोलीतलं कपाट भिंतीतच बसवलेलं आहे, त्यामुळे ते आमच्याबरोबर येणार नव्हतं. रिकामं मात्र करून द्यायचं होतं. वरच्या कप्प्यात दोन जुन्या चादरी, बंद पडलेलं गजराचं घड्याळ आणि डांबराच्या गोळ्यांचा वास, एवढंच निघालं. ओल्या फडक्याने मी आतून पुसायला घेतलं आणि दाराच्या आतल्या बाजूला, माझ्या खांद्याच्या उंचीवर, म्हणजे आईच्या डोळ्यांच्या उंचीवर, तो दिसला. पिवळा, गोल, तळहातात मावेल एवढा स्टिकर. त्यावर निळ्या शाईत बोटीचं चित्र आणि खाली पेनाने लिहिलेला आकडा, सत्तावीस.

या कपाटाचं दार मी गेल्या दोन वर्षांत शंभर वेळा उघडलं असेल. पण घाईत माणूस कपाटात बघतो, दाराकडे कोण बघतं.

“ममा, दॅट वन आजीचा,” मागून रेवा म्हणाली. माझी मुलगी, नऊ वर्षांची. मराठी सगळं समजतं, उत्तर मात्र इथल्या शाळेच्या इंग्रजीत येतं, शेवटी ‘लाह’ लावून. “डोन्ट थ्रो, लाह.”

“कोण थ्रो करतंय,” मी म्हटलं आणि फडकं बादलीत टाकलं. खाली लॉरी उभी होती, माझा नवरा सुहास सामान चढवून घेत होता, बुओना व्हिस्टाच्या नव्या घराची किल्ली त्याच्या खिशात होती. माझी लॅब त्या घरापासून चालत दहा मिनिटांवर. इतकी वर्षं रोज सकाळी एमआरटीच्या मेट्रोत उभ्याने तासभर घालवल्यावर हे सुख मिळत होतं, आणि मी मात्र पलंग नसलेल्या खोलीत जमिनीवर बसून एका स्टिकरकडे बघत होते. आहे की नाही गंमत.

ग्रीसला मी गेले ती कॉन्फरन्ससाठी. अथेन्सचं ऑलिंपिक होऊन वर्ष झालं होतं. आई तेव्हा आमच्याकडे होती. ती यायची ती सोशल व्हिजिट पासवर, म्हणजे पाहुण्यांच्या परवान्यावर, महिना मिळायचा, मग वाढवून वाढवून तीन महिन्यांपर्यंत ताणायचा, की परत पुणे. तीन महिने संपत आले की घरात कोणीतरी मोठ्याने घड्याळाला किल्ली देतंय असं वाटायला लागायचं. सुहास म्हणाला, रेवाला मी सांभाळतो, तू आईंना घेऊन जा, तेवढीच त्यांची सहल. आईने नको नको म्हणत दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून घेतली. म्हणजे यायचंच होतं.

तीन दिवस मी पोस्टरसमोर उभी आणि आई हॉटेलच्या खिडकीशी. चौथ्या दिवशी मोकळा वेळ मिळाला तेव्हा एका दिवसाची सहल घेतली. सकाळी सातला बस, मग बंदर, मग बोट, बेट, आणि तीनच्या आत परत. बसमध्ये चढताना गाइडबाईंनी प्रत्येकाच्या छातीवर एकेक पिवळा स्टिकर चिकटवला. मारिया तिचं नाव. ठेंगणी, घसा बसलेली, हातात मिटलेली निळी छत्री. छत्री वर धरून ती म्हणाली, हा स्टिकर परत येईपर्यंत काढू नका, ज्याच्या अंगावर हा आहे त्याला मागे ठेवून मी बेट सोडत नाही.

आईला हे वाक्य फार आवडलं. तिचा स्टिकर पदरावरून दोनदा गळून पडला, तेव्हा तिने स्वेटरवर लावला आणि वरून थोपटला. “हा असला की मागे ठेवून जात नाहीत,” ती मला म्हणाली. मी मारियाचं इंग्रजी न ऐकता नकाशा उलगडत होते.

आईचं ऐकणं पक्कं होतं. नोकरीच तशी. पुण्याच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ती ऑपरेटर होती, चांगली एकतीस वर्षं. मी शाळेतून सुटले की एक्स्चेंजच्या फाटकाशी उभी राहायचे. रांगेने बायका बाहेर पडायच्या, सगळ्यांच्या केसांवर हेडफोनच्या पट्टीची एक आडवी घडी. आई आली की मी तिच्या डाव्या कानाला हात लावायचे. तो गरम असायचा. दिवसभर लोकांची गाऱ्हाणी, वराती, मयतं त्या कानातून गेलेली असायची. तो ऑफिसचा कान. घरचं ऐकायला ती उजवा कान ठेवायची, आणि घरातल्या फोनलाही कधी डावा कान लावला नाही. दप्तराच्या पट्ट्याचा, तिच्या डब्यातल्या मेथीचा आणि एक्स्चेंजमधल्या तापलेल्या वायरींचा वास, तिन्ही मिळून मला संध्याकाळ झाल्यासारखं वाटायचं. बाबा गेल्यावर तर घरात बोलणारी आम्ही दोघीच. ती म्हणायची, “बोल, लाइन मोकळी आहे.” तेवढं म्हटलं की मी शाळेतलं सगळं भडाभडा ओकायचे.

तर अशा माणसाच्या कानावर मारियाने बेटाचं नाव घातलं. नकाशावर इंग्रजीत काहीतरी एजिना असं होतं. मारिया म्हणाली, “एयिना.”

“काय येईना?” आई म्हणाली.

“बेटाचं नाव आहे अगं.”

“हे काय नाव झालं. येईना.” बोटीच्या कठड्याला धरून ती हसत सुटली. “म्हणजे तिथे गेलं की परत कोणी येईना? आणि हिने तर स्टिकर लावलाय.”

वारा होता. समुद्राचं पाणी इतकं निळं की मला उगाच नीळ घातलेली बादली आठवली. आईने दोन्ही कानांवरून रुमाल बांधला होता आणि रुमालाखालून तिचं ते हसणं चालूच होतं. एवढं मोकळं हसताना मी तिला आधी कधी पाहिलं होतं ते मला आठवेना. बघा, आला पुन्हा तो येईनातला ‘ना’.

बेटावर पहिल्यांदा एक देऊळ दाखवलं. डोंगरावर, छप्पर नसलेलं, नुसते खांब. मारिया सांगत होती, सगळे माना वर करून बघत होते. आईने चपला काढल्या. तापलेल्या दगडावर अनवाणी उभी राहून तिने नमस्कार केला. मी म्हटलं, “इथे देव नाहीये आता, आई.” ती म्हणाली, “घर तर त्याचंच ना.” पुढे पिस्त्याच्या बागा. खाली कापडं अंथरलेली आणि माणसं लांब काठ्यांनी फांद्या झोडपत होती. ओले पिस्ते गुलाबी असतात हे आम्हाला कुणाला माहीत. आमच्या घरी श्रीखंडावर पिस्ते मोजून पाच पडायचे, आणि इथे ते पायाखाली. आईने एक उचलला, पदराला पुसला, आणि तोंडात न टाकता हातातच ठेवला. बस पुढे निघाली तरी तिच्या बोटांना त्याचा चिकट वास होता. तिने मला हुंगायला लावला. कैरीच्या चिकासारखा.

मग बंदराजवळच्या गावात मारियाने पाऊण तास मोकळा सोडला. छत्री उघडून तिने एका पांढऱ्या छोट्या चर्चच्या पायरीवर ठेवली, इथे जमा व्हा. दोरीवर वाळत घातलेले ऑक्टोपस, दुकानांतून पिस्त्यांच्या पिशव्या. आम्ही एका बोळात शिरलो. प्रत्येक दाराशी कुंडी, आणि प्रत्येक कुंडीत एकच झाड. आई थांबली.

“अगं, तुळस.”

“तुळस नाही, बेसिल असेल.”

“मला शिकव. सब्जा आहे हा. तुळशीचीच बहीण.” ती वाकली. दारात काळ्या कपड्यांतली एक म्हातारी खुर्ची टाकून बसलेली होती, आईपेक्षा पाचसात वर्षांनी मोठी असेल. तिने आईला खूण करून दाखवलं, वास असा घ्यायचा नाही. तळहात झाडावरून अलगद फिरवायचा आणि मग तो हात हुंगायचा. आपण आरती घेतो ना, अगदी तशी तिने ती घेतली. आईने तशीच घेतली. दोघी एकमेकींकडे बघून हसल्या आणि मला त्या बोळात मीच परकी असल्यासारखं वाटलं.

आईला केसांत खोवायला दोन मंजिऱ्या हव्या होत्या. तिने कुंडीकडे बोट केलं, मग स्वतःकडे, आणि मराठीतच विचारलं, “घेऊ का?”

म्हातारी म्हणाली, “ने, ने.”

आईने पदर खोचला, वाकली, आणि अख्खी कुंडी उचलून कडेवर घेतली.

मी म्हटलं, “आई, काय करतेस?”

“ने म्हणाली ती. दोनदा म्हणाली. माझ्या ऐकण्यात चूक होत नाही.”

म्हातारी खुर्चीतून उठली होती. घाबरली असेल बिचारी, एक परदेशी बाई साडी सावरत तिची कुंडी घेऊन बोळातून निघालेली. मी सॉरी सॉरी करत मध्ये, आई कुंडी सोडायला तयार नाही, आणि तेवढ्यात मारिया आली, हातात कॉफी. तिला सगळं सांगितल्यावर ती भिंतीला टेकून हसली. मग म्हणाली, ग्रीकमध्ये ने म्हणजे हो. म्हातारी म्हणत होती, हो, हो, घ्या की. एखादं पान.

“आणि नाही?” आईने विचारलं.

“ओही.”

आईने कुंडी खाली ठेवली. “यांचं नाही ऐकायला होसारखं, आणि यांचं हो म्हणजे आपलं ने. म्हणजे एक्स्चेंजमध्ये इथली बाई असती तर अर्ध्या लायनी चुकीच्या लागल्या असत्या.” मारियाला मी हे भाषांतर करून सांगितलं, तिने म्हातारीला सांगितलं, म्हातारीने आईचं तोंड दोन्ही हातांत धरून दोन्ही गालांचे मुके घेतले. आईला असं कोणी कधी केलं नसेल. ती लाजली. मग म्हातारीने स्वतःच चार मंजिऱ्या खुडून आईच्या अंबाड्यात खोवल्या.

परतीच्या बोटीवर आईने दशम्या सोडल्या. सगळ्या डेकवर चटणीचा वास, दोन जर्मन लोक वळून बघत होते, त्यांनाही तिने एकेक दिली. मग हात पुसून ती बराच वेळ पाण्याकडे बघत बसली. केसांतल्या मंजिऱ्या सुकायला लागल्या होत्या. बेट मागे लहान होत होतं. आणि माझ्याकडे न बघता तिने विचारलं, “मी आता तुझ्याकडेच राहू का गं? कायमची?”

आईने आयुष्यात कुणाकडे काही मागितलं नव्हतं. बाबा गेल्यावर काकांनी हात पुढे केला तेव्हाही तिने फक्त, बघू, एवढं म्हटलं होतं. तिला हे विचारायला किती दिवस लागले असतील मला माहीत नाही. ते त्या हॉटेलच्या खिडकीशी तयार झालं असेल, किंवा त्याच्याही खूप आधी.

मी म्हटलं, “ने.”

आणि आम्ही दोघी हसलो. तिने माझा हात धरला, तिच्या हाताला सब्जाचा वास होता. काय लागत होतं मला ‘ने’ म्हणायला. अर्धा श्वास. कोणत्या पासवर, कोणत्या नियमात, काही माहीत नसताना मी ते बोलून बसले, आणि ते तिने धरलं.

त्यानंतर आमच्या घरात ‘ने’ म्हणजे हो झालं. चहा घेणार का, ने. दार लावलं का, ने. रेवा तेव्हा पाच वर्षांची, तिने तर होचा नादच सोडला. तिच्या कानाला ने म्हणजे होच. अमुक ने, तमुक ने असं आम्ही तिच्याशी बोलायचोच कुठे, त्याऐवजी ‘टेक कर’ असलं काहीतरी बोलायचो. शेजारच्या चिनी आंटींना आईने ते शिकवलं. त्या दोघींचं खालच्या मोकळ्या जागेत बसणं ठरलेलं, संध्याकाळी साडेचार, इमारतीच्या खांबांमधून येणारा वारा खात. एकीला मराठी येत नाही, दुसरीला चिनी नाही, आणि दोघी तासभर बोलत. एलआरटीची खेळण्यासारखी दोन डब्यांची गाडी डोक्यावरच्या पुलावरून गेली की दोघी वर बघत आणि काहीतरी म्हणत. मी लॅबमधून यायचे तेव्हा लिफ्टपर्यंत हिंगाच्या फोडणीचा वास आलेला असायचा. मी येऊन तोंड धुतलं, की आई स्वयंपाकघरातून म्हणायची, “बोल, लाइन मोकळी आहे.”

तो स्टिकर तिने त्याच दिवसांत लावला असणार. त्या कपाटाला आम्ही आजीचं कपाट म्हणायचो. पुण्याला जाताना ती तीन साड्या मुद्दाम इथे ठेवून जायची. “परत येणारच आहे, उगाच ओझं,” म्हणायची.

अर्ज मी केला. माझ्या नोकरीच्या पासवर आईला कायमचं आणता येत नव्हतं, पगार त्या रेषेत बसत नव्हता. वर्षभराने बसला, तेव्हा पुन्हा केला. उत्तराचं पत्र छोटं होतं, सभ्य होतं, आणि त्यात नाही होतं. कारण दिलेलं नव्हतं, द्यायचा नियमही नव्हता. मी पासच्या ऑफिसातल्या खिडकीशी जाऊन विचारलं. खिडकीमागची मुलगी रेवाच्या शाळेतल्या टीचरइतकीच गोड बोलत होती, तिच्या हातातही काही नव्हतं. कुणाशी भांडायचं. मी बॅग उचलली आणि एमआरटीत बसले. बुओना व्हिस्टाला उतरायचं विसरून पुढे गेले.

आईला फोनवर सांगितलं, या वेळी नाही झालं. ती म्हणाली, “असू दे. मी येतेच आहे की तीन-तीन महिने.” मग गुडघे गेले. मग तीन महिन्यांचे दोन झाले, मग विमान नको म्हणाले डॉक्टर. तीन साड्या कपाटातच राहिल्या, घर बदलताना मी त्या खोक्यात भरेपर्यंत. आणि मग एका सकाळी पुण्याहून शेजाऱ्यांचा फोन, आई बाथरूमजवळ पडलेली सापडली, उजवी बाजू गेली आहे.

एक गोष्ट सांगून टाकते, नाहीतर हे सगळं खोटं होईल. मी परत जाऊ शकत होते. नोकरी सोडून, रेवाची शाळा सोडवून, सुहासला इथे ठेवून किंवा न ठेवता. तसं जाणारे लोक असतात. हे घरात कोणी बोललं नाही. आईही नाही. मी लोकांना पासचं सांगत राहिले, आणि तेही खरंच होतं.

दहा दिवसांची रजा काढून गेले. हॉस्पिटल, मग पुण्याबाहेरचं एक घर, पेशंट ठेवणारं. मला त्याला वृद्धाश्रम म्हणवेना, मी सेंटर म्हणायचे. स्वच्छ होतं, बाहेर कण्हेरी होत्या, सांभाळणाऱ्या मावशी चांगल्या होत्या. महिनाभर ठेवून बघा, म्हणाले, रुळल्या तर कायमची खोली देऊ. आईची जीभ जड झाली होती. एकतीस वर्षं अख्ख्या गावाला बोलतं ठेवलेल्या बाईकडे पाचसहा शब्द उरले होते. पाणी. बाई गं. नको. आणि माझं लाडाचं नाव, त्यातलं पहिलं अक्षर. निघताना मी तिचा डावा कान धरला. गार होता.

महिना संपत आला तेव्हा मी इथून फोन केला. रविवारची सकाळ, कॉलिंग कार्ड खरवडून नंबर लावला. त्या कार्डांवर आवाज जरा मागून यायचा, आपण बोललो की आपलंच शेवटचं अक्षर परत ऐकू यायचं. मावशींनी फोन आईच्या कानाला धरला. मी खूप काही बोलले. रेवाचं, पावसाचं, आंटींनी विचारल्याचं. सेंटरला उद्या उत्तर द्यायचं होतं, म्हणून शेवटी विचारलं, “आई, बरं वाटतंय ना तिथे? राहशील ना तिथेच?”

लायनीत खरखर झाली. मग आईचा आवाज आला, जड, पण स्पष्ट.

“ने.”

मी हसले. खरं सांगते, हसले. मला वाटलं, बघा, एवढं सगळं गेलं पण आमची गंमत राहिली. ती बोट, ती म्हातारी, ती कुंडी, सगळं एका अक्षरात परत आलं. मी पण म्हटलं, “ने गं ने.” फोन रेवाच्या हातात दिला आणि कुकर बंद करायला आत गेले. रात्रीपर्यंत वाट न बघता सुहासला सांगून टाकलं, “आई हो म्हणाली.” सेंटरला कळवलं, खोली कायमची करा.

तीन आठवड्यांनी ती गेली. मी पोचले तेव्हा काही करायचं राहिलं नव्हतं.

तिची पिशवी ताब्यात देताना मावशी म्हणाल्या, “फार गोड होत्या आजी. त्रास काही नाही. फक्त सारखं ने, ने म्हणायच्या. आम्ही म्हणायचो, कुठं नेऊ आजी, सांगा की.” मी मान हलवली. मला त्यांना सांगायचं होतं की ते ग्रीक आहे. त्याचा अर्थ हो असा होतो. पण मावशी पिशवीची यादी वाचत होत्या, चष्मा एक, स्वेटर एक, आणि मी सही केली.

दोन वर्षं झाली त्याला. दोन वर्षं मी ते एक अक्षर ऐकते आहे. कधी म्हणते, हो म्हणाली. प्रश्न सरळ होता, उत्तर सरळ होतं, आणि आमच्या घरात त्याचा तोच अर्थ होता. कधी भांडी घासताना मध्येच थांबते. टेलिफोन ऑपरेटरची मुलगी मी. लाइन माझ्याच हातात होती.

“ममा, निघत नाहीये,” रेवा म्हणाली. ती नखाने स्टिकरची कड उचकटत होती. मी हेअर ड्रायर शोधून आणला, गरम हवेने गोंद सुटतो. आम्ही दोघी कपाटाच्या दारासमोर उभ्या राहिलो आणि मी हवा धरली. कड थोडी वळली. कपाटातून डांबराच्या गोळ्यांचा वास यायला लागला, आणि मला उगाच वाटलं त्यामागून अजून काहीतरी येईल. पण सब्जाचा वास एवढे दिवस टिकत नाही.

“रेवा,” मी विचारलं, “ने म्हणजे काय गं?”

“यस. आजीचा यस.”

“अजून काही?”

“नथिंग, लाह. जस्ट यस.” ती स्टिकरकडेच बघत होती. मग अगदी सहज म्हणाली, “आजी सेड टू मी ऑल्सो. ऑन द फोन. लास्ट टाइम.”

ड्रायर माझ्या हातात चालूच होता.

“तू काय विचारलं होतंस तिला?”

“आय आस्क हर, आजी, यू वॉन्ट टू कम बॅक हिअर ऑर नॉट. युवर साडी ऑल स्टिल हिअर.” रेवाने खांदे उडवले. “शी से ने. सो मेनी टाइम्स. ने, ने, ने. देन द कार्ड फिनिश.”

“मला सांगितलं नाहीस.”

“यू डिडन्ट आस्क.”

स्टिकरची अर्धी बाजू सुटून आली होती. उरलेली अर्धी, बोटीचं चित्र आणि सत्तावीसमधला सात, दाराला धरून बसली होती, आणि ओढलं तर फाटणार होती. मी ड्रायर बंद केला. सुटलेली बाजू बोटाने परत दाबली, वरून थोपटली.

मोबाइल वाजला. खालून सुहास. लॉरीवाला घाई करत होता, मागचं दार लावायचं होतं त्याला.

“वर काही राहिलं नाही ना?” त्याने विचारलं.

मला नाही म्हणता येईना.